अक्का, मशीन बाहेरच्या फ्लॉपीवर चालतंय

अक्का, मशीन चालू झालं.

हे पहिलं सांगते, कारण तुम्ही असतात तर पहिलं हेच विचारलं असतंत, मी जेवले का, चंपी जेवली का, ते मागाहून. चालू झालं पण नीट झालं असं नाही, आतून नाही झालं, बाहेरून झालं, तुम्ही करून ठेवलेल्या त्या एका फ्लॉपीवर. रोज सकाळी ती फ्लॉपी घालायची, बटण दाबायचं, मग कर्र कर्र करत ते उठतं. फ्लॉपी नसली तर काळा पडदा आणि एक ओळ, सिस्टम नाही म्हणून, बास. तुमचा भाऊ, चंपीचा बाप, विचारतो, दुरुस्त झालं ना. मी हो म्हणते. दुरुस्त म्हणजे काय ते मलाच कळत नाही.

तुम्ही जाऊन आज तेवीस दिवस झाले. लिहिते अशासाठी की बोलायला घरात जागा नाही, कोणी ना कोणी बसलेलं असतं, आणि तमिळ अक्षरांत लिहिलं तर तुमचा भाऊ वाचेल. ही अक्षरं घरात तुम्हाला आणि मला दोघींनाच येत होती. घरात अस्के, सगळेच, मराठी बोलतात, वाचायला कोणाला येत नाही. मला तुम्हीच शिकवलीत, चंपी पोटात असताना, दुपारी तुमच्या टायपिंग क्लासच्या मुली गेल्या की मागच्या बाकावर बसवून. का शिकवलीत ते मी विचारलं नाही कधी. कशाला उपयोग, तंजावरात कोण वाचणार, असं मनात यायचं, पण तुमच्यापुढे बोलले नाही. आता उपयोग झाला, तो असा.

मी आठवीपर्यंत शिकलेली, तीही खेड्यातल्या तमिळ शाळेत. लग्न होऊन आले त्या सकाळी पुढच्या खोलीतून खडखडाट ऐकू आला, मला वाटलं घरात भाताची गिरणी आहे. तुम्हाला तसं म्हटलं तर तुम्ही टायपिंगच्या अस्क्या मुलींना जाऊन सांगितलंत, "आमच्या नव्या नवरीला भात कांडून आणायचाय, कोणी द्या गं मशीन." महिनाभर त्या मुली मला गिरणी वहिनी म्हणत होत्या. तेव्हा राग आला होता. आज कोणी म्हणावं असं वाटतं.

मग टायपरायटरच्या ओळीत कोपरा रिकामा करून तुम्ही कॉम्प्युटर आणलात. जुन्या सुंगुडी साडीचं झाकण शिवलंत त्याला, चपला बाहेर काढायच्या असा नियम केलात. मी उंबऱ्यातच उभी.

"आत ये गं, चावत नाही."

"अक्का, माझ्या हातनं बिघडलं तर?"

"ते बिघडलं तर त्रिचीला नेऊ. तू बिघडलीस तर तुला कुठे नेऊ, हे सांग."

असं बोलायचात तुम्ही. मी हसायचे आणि हसता हसता आत यायचे, हे तुम्हाला ठाऊक होतं. चंपीला मांडीवर घेऊन मी एका हाताने अर्ज टाइप करायला शिकले, इंग्रजीतले अर्ज, अर्धे शब्द न कळता, अक्षर बघून अक्षर मारायचं. तुम्ही म्हणायचात अर्थ नंतर येईल. अजून आला नाही सगळा.

आपलं एकच भांडण झालं, ते पुरं नाही झालं. ते नव्या सिस्टमचं. मी म्हणत होते, चालतंय ना, मग हात कशाला लावायचा. तुम्ही म्हणत होतात, कॉलेजची माणसं नवा टायपिंगचा प्रोग्राम मागतात आणि तो जुन्या सिस्टमवर बसत नाही, आपण बदललो नाही तर ती दुसरीकडे जातील. मी विचारलं, सिस्टम म्हणजे नेमकं काय हो अक्का, मशीन तर तेच राहणार. तुम्ही म्हणालात, "सिस्टम म्हणजे घराची रीत. माणसं तीच, भांडी तीच, रीत बदलायची."

"रीत बदलली तर सासू रागावते."

"मशीनला सासू नसते. सुखी आहे ते."

आई आतून म्हणाल्या, "ऐकू येतं मला," खरं तर त्यांना ऐकू येत नाही, पण ते बरोबर ऐकू आलं.

मग त्रिचीहून चार फ्लॉप्या आल्या, नव्या सिस्टमच्या, एक दोन तीन चार नंबर लिहिलेल्या. त्या घालायच्या आधी तुम्ही पाचवी एक केलीत, मशीनवरच्या जुन्या सिस्टमवरूनच, आणि ती बिस्किटाच्या डब्यात ठेवलीत, तांदळाची पुरचुंडी असते तो डबा, दमट हवेनं बुरशी धरू नये म्हणून. मी विचारलं ही कशाला. तुम्ही म्हणालात, "मधेच काही झालं, आतलं अस्कं विसरलं, तर मशीन हिच्यावर उठेल. आत काही नसलं तरी बाहेरून चालेल." मला पटेना. आत नाही आणि चालेल कसं. तुम्ही म्हणालात, "घरातली चूल विझली तर शेजारून निखारा आणतो ना. चूल आपलीच, विस्तव शेजारचा." तेव्हा मान हलवली मी, कळलं नव्हतं. चूल कुठली आणि शेजारी कोण, तिथेच गोंधळ झाला होता माझा.

आता त्या गुरुवारचं सांगते. हे सांगायलाच बसले आहे आणि सारखं दुसरं सांगत्येय.

सकाळपासून तुमच्या छातीत भरल्यासारखं होतं. तुम्ही म्हणालात गॅस आहे, काल वडे जास्त झाले. जिऱ्याचं पाणी दिलं मी. बाराच्या पुढे तुम्ही पहिली फ्लॉपी घातलीत, मग दुसरी. पडद्यावर पिवळी पट्टी हळूहळू सरकत होती, चंपी ती धरायला हात पुढे करत होती. एक वाजून गेल्यावर तुम्ही उठलात, कपाळाला घाम होता, म्हणालात, "दहा मिनिटं पडते. तीन नंबर मागेल तेव्हा तीन घाल, एंटर मार. मग चार मागेल तेव्हा मला हाक मार, चौथीला मी येते. दुसरं काही करू नको. जमेल ना?"

मी म्हटलं जमेल.

मशीनने तीन नंबर मागितली तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात दीड वाजून दोन मिनिटं झाली होती. अक्का, गुरुवारी दीड ते तीन राहुकाळ. मी फ्लॉपी हातात घेतली आणि थांबले. तुम्ही राहुकाळ मानत नव्हतात, "राहूला आपल्या मशीनचा पत्ता माहीत नाही" म्हणायचात, पण मी मानते, माझी आई मानायची, आमच्याकडे राहुकाळात कोणी नवं काम धरत नाही, नवी साडी नेसत नाही, मिठाचं पोतं सोडत नाही. चालू असलेलं काम करायला हरकत नाही. पण मला कळेना, तिसरी फ्लॉपी घालणं हे नवं काम की चालू असलेलंच. पहिली घातली तेव्हा सुरू झालं असं धरलं तर चालू काम. पण प्रत्येक फ्लॉपी निराळी, निराळं मागणं, निराळं एंटर, असं धरलं तर नवं. मी इकडून विचार करत होते, तिकडून करत होते. तुम्हाला येऊन विचारायचं मनात आलं, दोन वेळा उठले मी. पण तुम्ही हसला असतात आणि मुलींना सांगितलं असतंत. म्हणून नाही आले. हसतील म्हणून नाही आले, अक्का. आणि वाटलं, मशीन तर नुसतं वाट बघतंय, वाट बघितल्यानं काय बिघडतं, अक्का झोपल्यात तर झोपू देत, तीनला घालू.

अडीचला करंट गेला.

तीन वाजता आला. मशीन उठलं आणि म्हणालं सिस्टम नाही. जुनी अर्धी पुसलेली, नवी अर्धी आलेली, दोन्ही धड नाहीत. मी चंपीला खांद्यावर टाकून तुम्हाला सांगायला आत आले. रस्ताभर, म्हणजे रस्ता कसला, चार पावलं, मी मनात बोलत आले की करंट गेला म्हणून झालं असं सांगायचं, राहुकाळाचं सांगायचं नाही. खोटं तयार करूनच आले मी तुमच्याकडे. आणि तुम्ही उठला नाहीत.

डॉक्टर म्हणाले दोनच्या आसपास झालं असावं.

तेव्हापासून डोक्यात तेवढंच फिरतं. दीडला तीन घातली असती तर वीसेक मिनिटांत मशीनने चार मागितली असती. चार मागितली असती तर मी तुम्हाला हाक मारायला आले असते. दोनच्या आत आले असते. तुम्ही बोलला असतात, नाहीतर बोलला नसतात आणि मी ओरडले असते, समोरच्यांची गाडी होती, दवाखाना जवळ. मग वाटतं, दोनच्या आधीच झालं असेल तर. मग वाटतं, राहुकाळच होता ना, वाईट वेळच होती, मग माझं बरोबर होतं की काय. बरोबर असून काय करायचं. अशी सुरू झाले की थांबत नाही, भाताला पाणी जास्त पडतं, चंपीची दृष्ट काढते आणि परत काढते.

तेरावा झाला आणि तुमच्या भावाने विषय काढला. तो तुम्हाला ठाऊक आहे, घरातही कंडक्टरच, कोणी दारात उभं राहिलं की म्हणतो आत सरका. पण त्या दिवशी हळू बोलला. म्हणाला, टायपरायटर राहू देत, परीक्षेपुरत्या मुली येतील, पण कॉम्प्युटर बंद पडून नुसता बसलाय, पापनाशमला एक जण क्लास चालवतो, त्याला देऊन टाकू, आणि पुढची खोली भाड्याने देऊ, एसटीडी बूथवाला मागतोय. बुधवारी तो माणूस बघायला येणार.

मी म्हटलं, "मी बसते तिथे."

"तू? मशीन बंद आहे. कोण चालू करणार?"

"मी."

अक्का, हे कोण बोललं मला माहीत नाही. तो काही हसला नाही. म्हणाला, बुधवारपर्यंत बघ.

सोमवारी दुपारी चंपीला आईंजवळ निजवलं. चपला बाहेर काढल्या, झाकण काढलं. बिस्किटाच्या डब्यातून पाचवी फ्लॉपी घेतली, तांदूळ झटकले. तिच्यासोबत तुमचा कागद होता, याच अक्षरांत लिहिलेला, तीन ओळी. उठवायचं तर ही घालून बटण. जुनं परत बसवायचं तर एक आज्ञा, ती इंग्रजीत लिहिलेली. नवं पुरं करायचं तर पुन्हा एक नंबरपासून. एवढंच. तुम्ही तो स्वतःसाठी लिहिला होतात का माझ्यासाठी, कळायला मार्ग नाही. स्वतःसाठी असता तर इंग्रजीत लिहिला असतात, असं मी धरून चालते.

बटण दाबलं. दिवा लागला, फ्लॉपीचा आवाज सुरू झाला, इतका वेळ चालला की मला वाटलं हीही गेली. मग पडद्यावर वरच्या कोपऱ्यात एक अक्षर आलं आणि पुढे ती उघडमीट करणारी रेघ. ए, म्हणजे फ्लॉपी. रोज सी असायचं, म्हणजे आतलं, आता ए. मी सी आणि दोन टिंबं मारून एंटर केलं, मग डी आय आर, म्हणजे आत काय काय आहे ते दाखव, तुम्ही शिकवलेल्या तीन आज्ञांतल्या दोन. आणि नावं धावायला लागली. तुमची अस्की कामं, पत्रिका, अर्ज, कॉलेजचे पेपर, देवळाची नोटीस, वाचायच्या आत वर सरकून जात होती, मी परत परत डी आय आर मारत होते. काही गेलं नव्हतं. फक्त उठायची रीत गेली होती. मग मला तुमचा निखारा कळला, उशिरा, एकटीला. मी पदर तोंडात धरून बसले, आत चंपीला आवाज जाऊ नये म्हणून.

बुधवारी तो पापनाशमचा माणूस आला, चकचकीत शर्ट, खिशाला दोन पेन. मी मशीन चालू करून दाखवलं. त्याने फ्लॉपी काढली, बंद केलं, परत चालू केलं, आणि तुमच्या भावाला म्हणाला, "सार, आत सिस्टमच नाही हो. फ्लॉपीवर चालतंय. काठी धरून चालणारं म्हातारं आहे हे."

मी म्हटलं, "चालतं ना?"

"चालतं, पण सिस्टर, ती फ्लॉपी किती दिवस टिकणार? झिजते ती."

"आणखी चार केल्यात मी. तिच्यावरून." खरंच केल्या होत्या, मंगळवारभर तेच केलं, दोन बिघडल्या, दोन जमल्या. चार म्हटलं ते तोंडातून गेलं.

तो तुमच्या भावाकडे बघायला लागला. तुमचा भाऊ खिडकीकडे बघत होता, मग म्हणाला, "तिला द्यायचं नाहीये. तुमची पाचची बस आहे ना, चला, सोडतो." बसमध्ये गर्दी असली की माणसाला उतरवतो ना, तसंच उतरवलं त्याला. रात्री जेवताना मला एवढंच म्हणाला, "दोन जास्तच्या करून ठेव." म्हणजे त्याला कळलं होतं चार नव्हत्या ते.

खोली राहिली, अक्का. पण मला गोड लागेना. ज्या हातांनी थांबले त्याच हातांनी ते उघडायचं, आणि कोणाला काही ठाऊक नाही, असं चोरासारखं किती दिवस बसायचं. म्हणून काल आईंना सांगितलं. त्या मागच्या अंगणात चिंचेचे चिंचोके काढत होत्या. मी शेजारी बसले आणि मोठ्याने, ऐकू यावं म्हणून मोठ्याने, अस्कं सांगितलं. दीडचं, फ्लॉपीचं, राहुकाळाचं, तुम्ही हसाल म्हणून आले नाही ते, खोटं तयार करून आले तेही. मला वाटलं त्या हातातला सुरा टाकतील, मला उठ म्हणतील.

त्या चिंच साफ करत राहिल्या. मग म्हणाल्या, "मी खोलीतच होते गं."

मी म्हटलं, हो, तुम्ही पलंगावर होतात.

"तिच्या शेजारी बसले होते. वाती वळत होते. ती भिंतीकडे तोंड करून निजली होती. करंट गेला तेव्हा पंखा बंद झाला, मी म्हटलं हिला उकडेल, झोप मोडेल. ताडाचा पंखा घेतला आणि वारा घालत बसले तिला. तू आलीस तोवर घालतच होते."

त्यांनी चिंचेचा एक गोळा माझ्याकडे सरकवला, तो मी साफ केला. तुम्हाला त्या अर्ध्या तासात वारा लागत होता का, अक्का. हे मी त्यांना विचारलं नाही, त्यांनीही मला काही विचारलं नाही. माझं मन हलकं झालं असं म्हणता येणार नाही. पण ते एकटीचं राहिलं नाही. आज सकाळी त्यांनी माझ्यासाठी कॉफी पुढच्या खोलीत आणली, तुमच्यासाठी आणायच्या तशी, डबऱ्यात, त्या खोल वाटीत पेला ठेवून, आणि म्हणाल्या, थंड करू नको.

जुनं परत बसवायचं की नवं एक नंबरपासून करायचं, हे अजून ठरत नाही. जुनी आज्ञा परवा टाइप केली होती, शेवटचं एंटर मारायचं राहिलं होतं. मारलं असतं तर मी भांडण जिंकले असते, आणि तुम्ही नाही तर ते जिंकून काय, म्हणून एक एक अक्षर मागे पुसलं. नवं करायला हात धजत नाही. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, घाबरतेस कशाला. घाबरते, अक्का. चंपी रडली तरी घाबरते, फोन वाजला तरी घाबरते, झोपलेल्या माणसाजवळून जाताना थांबून श्वास बघते, तुमचा भाऊ चिडतो त्याने. पण शिकवलंत त्याबद्दल कधी काही म्हटलं नाही मी तुम्हाला, आमच्याकडे असं म्हणायची पद्धत नाही, ते आता लिहून ठेवते. तुम्ही शिकवलंत म्हणून मला आज जायला एक खोली आहे.

दुपारी एक म्हातारे सर आले, निवृत्त झालेले, पेन्शनच्या अर्जासाठी. दारात चपला काढता काढताच त्यांनी विचारलं, "अक्का आहेत का?"

त्यांना ठाऊक नव्हतं. मी चंपीला कडेवरून उतरवलं, म्हटलं, "नाहीत. गेल्या. मी आहे, बसा."

ते बसले. हातातले कागद त्यांनी आधी छातीशी धरले, मग पुढे केले. मी बघितले, चार पानं, इंग्रजी, बारीक अक्षर.

"मला अक्कांसारखं भरभर येत नाही," मी म्हटलं. "वेळ लागेल. चुकलं तर तुम्ही सांगा."

"सांगतो," ते म्हणाले, आणि खुर्ची माझ्याजवळ ओढून चष्मा पुसायला लागले. "पहिली ओळ वाचू का?"

मी म्हटलं, वाचा.